राकुतेनमधली इंग्रजीची सक्ती

मार्च २०१० मध्ये राकुतेन या जपानी ई-कॉमर्स कंपनीचे प्रमुख हिरोशी मिकितानी यांनी फर्मान काढलं: यापुढे कंपनीचा सगळा कारभार इंग्रजीत. घोषणाही त्यांनी इंग्रजीतूनच केली, आणि ऐकणारे बहुतेक जपानी! दुसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या पाट्या आणि कँटीनचा मेनू इंग्रजीत झाला होता. मुदत दोन वर्षांची. तोवर टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण मिळाले नाहीत तर पद खाली येण्याची धास्ती.

कारणं खोटी नव्हती. त्याच वर्षी राकुतेनने अमेरिकेतली बाय डॉट कॉम आणि फ्रान्समधली प्राइसमिनिस्टर या कंपन्या विकत घेतल्या. दर बैठकीला दुभाषी बसवायचा तर निर्णय लांबणारच. शिवाय जपानी येण्याची अट काढली की भारतातले, चीनमधले इंजिनियर थेट टोकियोत घेता येणार होते. होंडाचे तेव्हाचे अध्यक्ष ताकानोबू इतो यांनी मात्र हा मूर्खपणा आहे, असं उघडपणे म्हटलं.

मिकितानींचा सुरुवातीचा हट्ट असा, की ज्याने त्याने आपल्या वेळात, आपल्या पैशाने शिकावं. दिवसभर राबून रात्री व्याकरण घोकणाऱ्यांचं जे व्हायचं तेच झालं. शेवटी कंपनीने शिकवणीचा खर्च उचलला, कामाच्या वेळात अभ्यासाला मुभा दिली. पुढे काही वर्षांत सरासरी ९९० पैकी ८०० गुणांच्या वर गेली. पण टोइकच्या मूळ परीक्षेत ऐकणं आणि वाचणं एवढंच तपासतात. भरघोस गुण मिळवणारा बैठकीत तोंड उघडेल, याची हमी कुठे?

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या त्सेडाल नीली यांनी आठ देशांतल्या शाखांमध्ये हा प्रयोग अभ्यासला. त्यावरचं त्यांचं पुस्तक २०१७ मध्ये आलं. त्यात मला सगळ्यांत रोचक वाटतात ते अमेरिकन कर्मचारी. इंग्रजी आपलीच, म्हणून ते आधी खूश होते. मग त्याच इंग्रजीतून टोकियोची शिस्त त्यांच्यापर्यंत येऊन पोचली: ओळखपत्र ठरल्या जागीच लावायचं, आपलं टेबल आपण पुसायचं. तेव्हा कुरकुर सुरू झाली. आणि भाषा व रीत दोन्ही परक्या असलेले ब्राझील, थायलंड, इंडोनेशियातले लोक त्यामानाने सहज रुळले. ते मुळातच वाकायच्या तयारीने आले होते.

२०१५ मध्ये होंडानेही, २०२० पर्यंत देशोदेशींच्या शाखांमधला आपसातला व्यवहार इंग्रजीत आणायचं जाहीर केलं. मात्र जपानमधल्या जपानी लोकांनी एकमेकांशी जपानीतच बोलायला हरकत नव्हती. मला हाच रस्ता शहाणपणाचा वाटतो. शेजारी बसलेल्या दोन जपानी माणसांनी अडखळत इंग्रजी बोलून कुठल्याच परदेशी सहकाऱ्याचं काम सोपं होत नाही.