बंबावरचे जुने दिवे : पारख आणि संग्रह

रात्रीच्या वेळी आगीचा बंब रस्त्याने धावत येतो, तेव्हा भोंग्याच्या आवाजाबरोबरच त्याच्या टपावरचा फिरता तांबडा प्रकाश घरांच्या भिंतींवरून सरकत जातो. वाहने बाजूला होतात, पादचारी थबकतात. त्या दिव्याला सारे वाट देतात, पण त्याच्याकडे निरखून कोणी पाहत नाही. पुढे बंब मोडीत निघाला म्हणजे दिवाही बहुधा भंगारात जातो. तथापि बंब, रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्या यांवरचे असे जुने दिवे शोधून जतन करणारी हौशी मंडळी अमेरिकेत बरीच आहेत. त्यांच्या छंदातून शिकण्यासारखी गोष्ट एकच : जुना दिवा हा एक दस्तऐवज असतो, आणि दस्तऐवज वाचून होण्याआधीच तो घासूनपुसून कोरा करू नये.

हा दस्तऐवज वाचावयाचा, तर थोडा इतिहास ठाऊक हवा. विजेचे दिवे येण्यापूर्वी बंबावर तेलाचे कंदील असत. १८४० साली दिव्यांच्या व्यवसायात शिरलेल्या डिट्झ यांच्या कारखान्याने अग्निशामक दलांसाठी खास कंदील बनविले. १९३० च्या दशकात शिकागोच्या अग्निशामक दलातील जेरेमाया केनेली यांनी प्रकाशाचा झोत एका जागी न ठेवता त्याला डोलता ठेवण्याची युक्ती काढली. ‘मार्स लाइट’ ह्या नावाचे ते दिवे बंबांवर आणि आगगाडीच्या इंजिनांवरही बसले. १९४८ साली शिकागोच्याच फेडरल कंपनीने ‘बीकन रे’ हा फिरता दिवा बाजारात आणला. अमेरिकन रस्त्यावरच्या घुमटाकार तांबड्या दिव्याचे जे चित्र लोकांच्या मनात आहे, ते बव्हंशी ह्याच दिव्याचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टपाच्या रुंदीची आडवी दिवेपट्टी आली आणि घुमट हळूहळू मागे पडले.

ह्या घुमटातील रचना साधी आहे. मध्ये एक लहान विद्युत मोटर असते. दातेरी चाकांच्या साहाय्याने ती एक तबकडी सावकाश फिरविते आणि तबकडीवर दोन, तीन किंवा चार दिवे पाठीला पाठ लावून बसविलेले असतात. दिवा स्वतः लुकलुकत नाही, तो अखंड जळतो. त्याचा झोत समोरून निघून गेला, की पाहणाऱ्यास लुकलुकल्याचा भास होतो. समजा, तबकडी मिनिटाला ४५ फेरे घेते आणि तिच्यावर दोन दिवे आहेत, तर पाहणाऱ्यास मिनिटाला ९० झोत दिसतील. फिरत्या दिव्यांना वीज पोहोचविण्यासाठी धातूची कडी आणि तिच्यावर घासणारे ब्रश असतात. ह्या ब्रशांची झीज पाहिली, की दिव्याने किती चाकरी केली याचा अंदाज येतो.

पारख करताना प्रथम तळाची पाटी वाचावी. तिच्यावर कंपनीचे नाव, नमुन्याचा अंक आणि व्होल्टेज असते. नावावरून काळ कळतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी ह्याच कंपनीचे नाव ‘फेडरल एंटरप्रायझेस’ असे होते. १९५५ मध्ये ते ‘फेडरल साइन अँड सिग्नल’ झाले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ‘फेडरल सिग्नल’ एवढेच राहिले. व्होल्टेजही असाच साक्षीदार आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन मोटारी सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर गेल्या. शेव्हरोलेने १९५५ च्या आणि फोर्डने १९५६ च्या गाड्यांत हा बदल केला. म्हणून सहा व्होल्टचा दिवा हाती आला, तर तो बहुतेक त्यापूर्वीचा समजावा.

नंतर आतले दिवे पाहावेत. त्यांच्यावर ‘पार ३६’ असे लिहिलेले आढळते. हा अंक इंचाच्या आठव्या भागात मोजलेला व्यास होय, म्हणजे ३६ भागिले ८, साडेचार इंच. क्रमांक ४५१५ हा सहा व्होल्टचा आणि ४४१६ हा बारा व्होल्टचा दिवा. पाटी सहा व्होल्ट सांगते आणि आत ४४१६ बसला आहे, असे दिसले, तर मागे कोणीतरी बदल केला आहे हे उघड होते.

शेवटी घुमट तपासावा. आरंभीचे घुमट काचेचे, नंतरचे प्लास्टिकचे. उन्हाने प्लास्टिकचा तांबडा रंग फिका पडतो आणि त्यावर केसासारख्या बारीक चिरा उमटतात. जुन्या तळावर तकतकीत नवा घुमट असेल, तर तो मुळातला नव्हे. मात्र येथे न्याय करताना घाई नको. फुटलेला घुमट बदलून दलाच्या कारागिराने सेवाकाळातच दुसरा बसविला असेल, तर तो त्या दिव्याच्या चरित्राचा भाग आहे. विकणाऱ्याने काल बसविला असेल आणि ‘अस्सल’ म्हणून किंमत सांगितली असेल, तर ती फसवणूक आहे. रंगावरूनही निष्कर्ष काढू नये, कारण कोणत्या वाहनास कोणता रंग याचे नियम तेथे राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात तर पुढून १,००० फुटांवरून दिसेल असा, न लुकलुकता जळणारा तांबडा दिवा कायद्यानेच आवश्यक आहे. तेव्हा न फिरणारा दिवा दिसला, की तो बिघडलेला किंवा अपुरा आहे असे मानू नये.

म्हणूनच जाणता संग्राहक दिवा मिळताच पॉलिशचा बोळा हाती घेत नाही. तो आधी छायाचित्रे काढतो, पाटीवरील अक्षरे उतरवून घेतो, कोणत्या गावच्या कोणत्या वाहनावरून दिवा उतरला याची चौकशी करून ती माहिती दिव्यासोबत ठेवतो. ही चिठ्ठी हरवली, की दिव्याचे गाव कायमचे हरवते. अ‍ॅक्रिलिकचा घुमट स्पिरिटने पुसल्यास तडकतो, म्हणून त्यास कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. जुन्या तारांचे वेष्टन ठिसूळ झालेले असते, ते तपासल्याशिवाय आणि मध्ये फ्यूज घातल्याशिवाय वीज जोडू नये. सहा व्होल्टच्या दिव्यास बारा व्होल्ट दिल्यास तो पाहता पाहता जळून जातो.

आणखी एक मर्यादा आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. दिवा विकत घेता येतो, त्याच्यामागचा अधिकार घेता येत नाही. खासगी गाडीवर तो पेटवून रस्त्यावर निघणे हा अमेरिकेतील बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. त्यामुळे जुना बंब प्रदर्शनास नेताना त्याचे सुज्ञ मालक टपावरचे दिवे झाकून घेतात. आपल्याकडे ‘लाल दिव्याची गाडी’ हा शब्दप्रयोग मोठेपणाचा पर्याय होऊन बसला होता. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरून तो दिवा उतरला, आणि असे दिवे रुग्णवाहिका, बंब, पोलीस अशा तातडीच्या वाहनांपुरते राहिले.

दिव्याचा मूळ अर्थही तोच होता. कोणाचे घर जळत आहे, कोणाचा श्वास अडला आहे, त्याच्यासाठी वाट द्या, एवढेच तो सांगत असे. लोक वाट देतात ते ह्या विश्वासावर. फळीवर ठेवलेला जुना दिवा त्या विश्वासाची आठवण आहे, आणि त्याच्या घुमटावरचे ओरखडे ही त्याच्या चाकरीची नोंद. ते पुसून टाकण्यापूर्वी संग्राहकाने क्षणभर हात थांबवावा.