भरलेली बाटली आणि दोन मूत्रपिंडं

शाळेतून घरी येता तेव्हा तुमच्या बाटलीत किती पाणी उरलेलं असतं? आमच्या वर्गात बऱ्याच जणांनी "अर्धी बाटली" असं सांगितलं. एकीची मात्र भरलेलीच होती! ती म्हणाली, "दादा, मला शाळेतलं टॉयलेट आवडत नाही. म्हणून मी पाणीच पीत नाही."

मग त्या सहा-सात तासांत तिच्या शरीरात काय चाललं होतं?

तुमच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांजवळ, मुठीएवढे दोन अवयव असतात. आकार राजम्याच्या दाण्यासारखा. घरी सगळे 'किडनी' म्हणतात. माझ्या मराठी शाळेच्या पुस्तकात 'मूत्रपिंड' होतं. मूत्र म्हणजे लघवी.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. चहा गाळताना चोथा वर राहतो ना, तशा रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं रक्तातच राहतात. पाणी, मीठ, साखर आणि युरिया गाळून बाहेर येतात. युरिया म्हणजे शरीराने प्रथिनं वापरल्यावर तयार होणारा कचरा.

पण साखर आणि पाणी तर आपल्याला हवं असतं! इथे चहाच्या गाळणीचं उदाहरण संपतं. आता दिवाळीच्या आधीची साफसफाई आठवा. आई कपाटातलं सगळं बाहेर काढते, मग हवं तेवढंच परत आत ठेवते. नेफ्रॉन अगदी हेच करतो. दिवसभरात सुमारे १८० लीटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते फक्त दीड लीटरच्या आसपास. बाकी सगळं रक्तात परत! मला स्वतःला हा आकडा खरा वाटेना, म्हणून मी दोनदा तपासला.

किती पाणी परत घ्यायचं, हे मेंदू सांगतो. रक्तातलं पाणी कमी झालं की मेंदू एडीएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडतो. त्याचा निरोप असतो, "पाणी जपून वापरा." मग मूत्रपिंडं जास्त पाणी परत घेतात आणि लघवी थोडी, गडद पिवळी होते. तुम्ही भरपूर पाणी प्यायलात की एडीएच कमी होतं आणि लघवी फिकट होते. खोली गार झाली की एसी आपोआप थांबतो ना, तसंच.

तर आपल्या मैत्रिणीची मूत्रपिंडं दिवसभर पाणी वाचवत होती. पण ती पाणी वाचवू शकतात, तयार करू शकत नाहीत. कचरा बाहेर टाकायला रोज निदान अर्धा लीटर लघवी व्हावीच लागते. पाणी सतत कमी पडलं, तर लघवीतल्या क्षारांचे खडे बनू शकतात. त्याला मुतखडा म्हणतात. मला तो झाला होता. ऑफिसच्या एसीत तहान कळायची नाही, आणि मी दिवसभर नुसती कॉफी प्यायचो. इथे दुबईत उन्हाळ्यात बाहेर पडलं की घाम येतो, तोही हिशोबात धरा. ते दुखणं कसं असतं, हे मी तुम्हाला सांगणार नाही!

टॉयलेट घाण असेल तर आई-बाबांना सांगा, टीचरना सांगा. पाणी बंद करू नका.

उद्या सकाळी उठल्यावर लघवीचा रंग बघा, आणि दुपारी पुन्हा बघा. फरक का पडला, ते वहीत तीन वाक्यांत लिहा. आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली असेल, तर मात्र एक दिवस थांबा. काही जणांची लघवी बीटामुळे गुलाबी होते!