गल्लाला : मातीचे गाव, पावसाचे पाणी

ट्युनिशियाच्या दक्षिण किनाऱ्याला लागून जेर्बा नावाचे एक सपाट बेट आहे. क्षेत्रफळ ५१४ चौरस किलोमीटर. बेटावर नदी नाही, ओढा नाही. वर्षभरात जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीत एवढा पाऊस जुलैच्या दोन-तीन दिवसांतही होऊन जातो. तरीही या बेटावर शतकानुशतके माणसे राहिली, शेती केली, सुमारे तीनशे मशिदी बांधल्या. ते कसे, हे पाहायचे असेल तर हॉटेलांची रांग सोडून दक्षिणेकडच्या गल्लाला गावात जावे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कुटुंबासह तेच केले.

गल्लाला हे कुंभारांचे गाव. मूळ वस्ती अमाझिग म्हणजे बर्बर लोकांची. जुनी मंडळी आजही आपसात अरबीबरोबर ती भाषा बोलतात. गावाची टेकडी हा बेटावरचा सर्वांत उंच भाग, पण उंची पन्नास-पंचावन्न मीटरच. या टेकडीच्या पोटात खोल भुयारे खणून माती काढतात. पूर्वी ती उंटाच्या पाठीवरून येई. माती वाळवायची, भिजवायची, तुडवायची आणि मग चाकावर घ्यायची. गोड्या पाण्यात मळलेली माती भाजल्यावर तांबूस होते, तर समुद्राच्या पाण्यात मळलेली फिकट, पांढरट. मुलांना हे विज्ञानाच्या तासापेक्षा चटकन समजले! कामाची जागा आणि भट्टी अर्धी जमिनीत असते, त्यामुळे बाहेर ऊन असले तरी आत गारवा.

येथले रांजण पूर्वी तेल, धान्य, खजूर आणि पाणी साठवण्यासाठी दूरदूर जात. आणखी एक गंमतीची वस्तू म्हणजे अष्टपाद पकडायची मडकी. कोळी अशी अनेक मडकी एका लांब दोरीला बांधून उथळ समुद्रात सोडतात. अष्टपादाला बीळ हवे असते. तो मडक्यात शिरून बसतो. थोड्या दिवसांनी दोरी ओढली की शिकार हातात. ना गळ, ना आमिष. आता मात्र प्लास्टिकची मडकीही आली आहेत आणि कुंभाराची मुले हॉटेलांत नोकरी शोधतात. दुकानांत रंगीत ताटल्या आणि शोभेच्या वस्तूच जास्त दिसतात. तरी एखादे साधे, बिनरंगाचे मडके जरूर घ्यावे; त्या कारागिराचा खरा हात त्यातच असतो.

गावापासून जवळच, अगदी पाण्याच्या काठाला सीदी याती ही जुनी मशीद आहे. छोटीशी, चुना लावलेली, घुमटाची. पुढे निळा उथळ समुद्र, मागे खजुरीची झाडे. जेर्बाच्या बऱ्याच मशिदी अशाच जाड भिंतींच्या. किनाऱ्यावरच्या मशिदींतून शत्रूच्या जहाजांवर नजरही ठेवली जाई. सदुइकश गावाजवळची एक मशीद तर ऑलिव्हच्या बागेत चक्क जमिनीखाली आहे.

या मशिदींची खरी शोभा छतात आहे. छत आणि अंगण चुन्याने स्वच्छ ठेवतात, त्यांना उतार देतात आणि पावसाचा थेंब न थेंब जमिनीखालच्या टाकीत नेतात. वुजूचे पाणी त्यातूनच, वाटसरूचे पिण्याचेही. घरोघरीही अशा टाक्या असत. आता खाऱ्या पाण्याचे गोडे करणारा कारखाना आहे, पण पाण्याची ओढ संपलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने जेर्बाला जागतिक वारसा यादीत घेतले, ते पाण्याच्या टंचाईत उभ्या राहिलेल्या या विखुरलेल्या वस्तीपद्धतीसाठीच.

बेटावरचे मुसलमान इबादी आणि मालिकी पंथांचे. ओमानमध्ये नोकरी केलेल्या आपल्या कोकणी भावांना इबादी हे नाव ओळखीचे असेल. येथे अनेक जण हात सोडून नमाज पढतात. मुलांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ती टकमक बघत राहणार नाहीत. जेवणात अष्टपाद आला तर मालिकी आणि शाफई खातात, हनफी खात नाहीत. आमच्या टेबलावर दोन्ही होते. कुणी कुणाला टोकले नाही, हे महत्त्वाचे.

गल्लालापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर अर्रियाद गाव आहे. तेथे अल-ग़रीबा हे प्राचीन यहुदी प्रार्थनास्थळ आहे. या बेटावर यहुदी आणि मुसलमान कित्येक शतके शेजारी राहत आले आहेत. २००२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये येथे हल्ले झाले, निरपराध माणसे मारली गेली. २०२३ च्या मृतांत पहाऱ्यावरचे ट्युनिशियन जवानही होते. आज तपासणी करूनच आत सोडतात. मुलांनी विचारले, 'एवढे पोलीस का?' अशा वेळी विषय बदलू नये. शेजाऱ्याच्या जिवाला आणि प्रार्थनास्थळाला हात लावणाऱ्याने आपल्या दीनचेच नाव खराब केले, हे मुलांना आपणच सांगितले पाहिजे.

किनाऱ्यावर आणखी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हूमत सूक येथे समुद्रकाठचा जुना किल्ला आणि बाजारातला मासळीचा लिलाव. लिलाव करणारे उंच खुर्चीवर बसून माशांच्या जुड्या हातात धरून बोली लावतात. आग्नेयेला बेट मुख्य भूमीला जोडणारा, मूळचा रोमन काळातला सुमारे सात किलोमीटरचा बांध आहे. उत्तरेला रास अर-रमल येथे थंडीत रोहित पक्षी उतरतात. पोहायचे असेल तर सीदी महरेजची पुळण, मात्र तिथे हॉटेलांची गर्दी.

जाणाऱ्यांसाठी थोडे : ट्युनिस शहरातून जेर्बाला विमानाने सुमारे तासाभरात पोहोचता येते, रस्त्याने अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, शेवटी जोर्फहून अजीमपर्यंत पाव तासाची फेरी बोट. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बरे. जेवणाची चिंता नको. वाफेवर शिजवलेला भाजी-मटणाचा जेर्बी भात आपल्या जिभेला लगेच रुचतो. हरीसा ही मिरचीची चटणी मात्र जपून! नमाजाच्या वेळी मशिदीत फोटो काढू नयेत आणि गवती टोपी घातलेल्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो तर विचारल्याशिवाय नकोच.

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात गावात टँकर येतो. जेर्बाच्या लोकांनी मूठभर पाऊस अमानत समजून सांभाळला. घराला छप्पर आपल्याकडेही आहे, मशिदीलाही आहे. पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या जमातीच्या बैठकीत एक पन्हळ आणि एक टाकी एवढा विषय तरी निघावा, इन्शाअल्लाह.