सभासदांनी चालवलेली वाचनालयं

तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या दारावर ‘शासनमान्य’ अशी पाटी असते, शेजारी ‘अ’ किंवा ‘ब’ असा वर्ग लिहिलेला असतो आणि त्यामुळे बहुतेकांना ते सरकारी वाटतं. प्रत्यक्षात ते सरकारी नसतं. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यांतली बहुसंख्य स्थानिक लोकांनी काढलेल्या संस्था आहेत. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली त्यांची नोंद असते आणि सभासदांनी निवडलेलं कार्यकारी मंडळ त्या चालवतं. अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि आणखी काही सभासद एवढं हे मंडळ. त्यात निवृत्त शिक्षक असतात, वकील असतात, औषधाचं दुकान चालवणारे असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात. या कामाचे पैसे त्यांतल्या कुणाला मिळत नाहीत.

महाराष्ट्राच्या वाचनसंस्कृतीबद्दल बोलताना आपण लेखकांची नावं घेतो, प्रकाशकांची घेतो, फार तर ग्रंथपालांची घेतो. या मंडळांची घेत नाही. पण गावातलं वाचनालय उघडं राहतं की त्याला कुलूप लागतं, हे कार्यवाहपदावरचा माणूस किती चिकाटीचा आहे यावर ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्यवाहाचं वर्ष कसं जातं? आर्थिक वर्ष संपलं की जमाखर्च बांधायचा आणि हिशेबतपासनिसांकडून तपासून घ्यायचा. वार्षिक अहवाल लिहायचा आणि तो जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मुदतीत पोहोचवायचा, कारण पुढचं अनुदान त्यावर अवलंबून असतं. मंडळात बदल झाला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा. तपासणीला अधिकारी येणार असले की दाखल नोंदवही, देवघेवीची नोंद, वाचकांच्या सह्यांचं रजिस्टर आणि कपाटातली पुस्तकं यांचा मेळ बसवायचा. दिवाळीच्या आधी दिवाळी अंक योजनेची वेगळी वर्गणी गोळा करायची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत अंक घरोघरी फिरत राहतात. मग पुस्तक निवड समिती बसवायची, आणि तिथे कादंबऱ्या किती, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं किती आणि बालविभागाला काय, यावर दरवर्षी तोच वाद नव्यानं होतो. हा वाद मी तरी मोलाचा मानतो. गावातली पाच-सहा माणसं एकत्र बसून आपल्या गावानं काय वाचावं याची चर्चा करतात, अशी जागा दुसरी कुठली आहे?

ही पद्धत जुनी आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, राज्यातलं सर्वांत जुनं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. पुण्यात १८४८मध्ये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली, तिच्यासाठी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनी पुढाकार घेतला होता. तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. आरंभी यांतल्या काहींमागे इंग्रज अधिकारी होते आणि इंग्रजी पुस्तकांचा भरणा मोठा होता. १८९३मध्ये ठाण्याला ही दिशा बदलली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे तेव्हा ऐन विशीत होते. त्यांनी सहकाऱ्यांसह केवळ मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय काढलं. पाच वर्षांनी, १८९८मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक कुठेतरी जपून ठेवलं पाहिजे, ही जबाबदारी सरकारनं नव्हे, वर्गणी भरणाऱ्या लोकांनी उचलली होती.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. हा कायदा करताना सरकारपुढे दोन वाटा होत्या. १९४८मध्ये मद्रासनं, ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून, ग्रंथालय कायदा केला होता आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला होता. त्या वाटेनं गेलं की ग्रंथालयाला स्वतःचं, कायद्यानं बांधलेलं उत्पन्न मिळतं. महाराष्ट्रानं उपकर घेतला नाही. आधीपासून असलेल्या संस्थांना मान्यता द्यायची, वर्ग ठरवायचे आणि वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं, ही वाट घेतली. राज्यानं दरवर्षी निदान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत, असं कायद्यात लिहिलं. आज प्रत्यक्ष तरतूद त्याच्या कितीतरी पट आहे, पण कायद्यानं दिलेली हमी तेवढीच. बाकी सगळं दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर, म्हणजे मागणाऱ्याच्या जोरावर.

या निर्णयाचा फायदा खरा आहे. वाचनालय गावाचं राहिलं. बदली होऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यावर ते अवलंबून राहिलं नाही. आणि संकट आलं की ते कुणाचं आहे हे लगेच कळतं.

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे याचं उदाहरण म्हणून नीट पाहण्यासारखं आहे. गावात त्याला ‘लोटिस्मा’ म्हणतात. स्थापना १८६४ची. २००५च्या जुलैत वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गावात शिरलं आणि ग्रंथालयाचा मोठा साठा त्यात गेला. पुरात भिजलेल्या पुस्तकाचं काय होतं हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना त्या नुकसानीची कल्पना येणं कठीण. कागद फुगतो, पुस्तकं कपाटात एकमेकांना गच्च दाबून बसतात, ओढून काढायला गेलं की पुठ्ठा हातात येतो आणि पानं मागे राहतात. गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटली की पुन्हा सुटत नाहीत. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. जे वाचवता येतं ते पान-पान सुटं करून वाळवायचं, उरलेल्याचा पंचनामा करायचा, दाखल नोंदवहीत त्यांचं निर्लेखन करायचं आणि मग ज्या अंकांची, ज्या आवृत्त्यांची दुसरी प्रत बाजारात मिळतच नाही, त्यांची यादी घेऊन घरोघर, गावोगाव विचारत फिरायचं. यातलं एकही काम अनुदानाच्या कुठल्या रकान्यात बसत नाही. ते मंडळानं आणि त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांनीच करायचं असतं.

लोटिस्मा त्यातून उभं राहिलं आणि नुसतं उभं राहून थांबलं नाही. २०१३च्या जानेवारीत चिपळूणला ८६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले होते आणि यजमान संस्था हे वाचनालय होतं. संमेलनाचा पसारा किती मोठा असतो हे माहीत असलेल्यांना त्यातलं धाडस कळेल. पुढे याच संस्थेनं कोकणातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालयही उभं केलं. मग २२ जुलै २०२१ला पाणी पुन्हा आलं. पुन्हा पुस्तकं गेली, पुन्हा चिखल उपसला गेला, आणि महाराष्ट्रभरातून पुन्हा पुस्तकांची आणि पैशांची मदत सुरू झाली. सोळा वर्षांत दोनदा ज्या संस्थेचा साठा पाण्यात जातो आणि दोनदा ती उभी राहते, तिच्यामागे कुणी एक थोर दाता नसतो. वर्षानुवर्षं वर्गणी भरणारे, अहवाल वाचणारे, सभेला येणारे लोक असतात आणि मागायला गेलेल्या कार्यवाहावर त्यांचा विश्वास असतो.

नाशिकचा अनुभव वेगळा. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे ‘सावाना’ची, निवडणूक शहरात गाजते. पॅनेल उभी राहतात, प्रचार होतो, वर्तमानपत्रांत रकाने भरतात. काहींना हे अशोभनीय वाटतं. मला ते संस्थेच्या प्रकृतीचं लक्षण वाटतं, कारण ज्या संस्थेचं कुणालाच पडलेलं नसतं तिथली निवडणूक बिनविरोध होते आणि तीच माणसं वीस वर्षं राहतात. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कवी कुसुमाग्रज, एके काळी याच वाचनालयाचे अध्यक्ष होते. पुढे त्यांच्याच नावाच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं नाशिकमधून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९मध्ये सुरू केली. विनायक रानडे यांनी ती वाढवली. शंभर पुस्तकांची एक पेटी करायची, ती एखाद्या वस्तीत, सोसायटीत, कारखान्यात वाचकांच्या गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल करायची. पुस्तकांचा पैसा वाढदिवसाच्या, स्मरणाच्या निमित्तानं दिलेल्या लहान देणग्यांतून येतो. या पेट्या दुबईतल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेल्या आहेत.

पैशाची तजवीज हा या मंडळांचा कायमचा घोर. मान्य खर्चाचा ठरावीक हिस्सा अनुदान म्हणून येतो, तोही हप्त्यानं, आणि उरलेला संस्थेनं उभा करायचा असतो. वर्गणी वाढवली की सभासद गळतात. म्हणून जुन्या संस्थांनी दुसरी उत्पन्नं शोधली. नाशिकच्या वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. इतरत्र सभागृह लग्नकार्याला दिलं जातं, रस्त्याकडेचे गाळे भाड्यानं असतात. यावर टीका होते, आणि गाळे वाढत जाऊन वाचनकक्ष आक्रसतो तिथे ती रास्तच असते. पण भाड्याचं उत्पन्न नसतं तर यांतली कित्येक वाचनालयं आज दिसली नसती.

लोकांनी आपला वाटा उचलावा आणि राज्यानं आपला, ही कल्पना पूर्वी नीट राबवली गेली आहे. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि ग्रंथालय खातं उभं केलं. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवली तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीनं आणि तेवढीच दरबारानं घालायची, असा तिथला नियम होता. बॉर्डननंतर हे काम पाहणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते, आपल्याच भाषेतले. त्या नियमातली खुबी अशी की राज्य दोन भाग देत असलं तरी पहिला भाग गावाचा असायचा. गाव हललं नाही तर दरबारही हलायचा नाही. आणि गाव हललं की दरबाराला नाही म्हणता यायचं नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात पहिलं आलं, दुसरं आलं नाही.

केरळात ते आलं. तिथली वाचनालयंही लोकांनी काढलेली, पी. एन. पणिक्कर यांनी १९४५मध्ये त्यांना एका संघात बांधलं. १९८९च्या कायद्यानं राज्य ग्रंथालय परिषद आली, आणि तालुका, जिल्हा, राज्य अशा तिन्ही पायऱ्यांवर वाचनालयांच्या प्रतिनिधींमधून निवडणूक होऊ लागली. शिवाय इमारत करावर पाच टक्के उपकर. गोव्यानं १९९३च्या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर मद्यावर बसवला. दोन्ही ठिकाणी पैशाचा झरा कायद्यात आहे. आपल्याकडे तो मंत्र्यांच्या भेटीत, निवेदनात आणि पुरवणी मागण्यांत शोधावा लागतो.

त्याची किंमत कोण मोजतं? ग्रंथालयाचा सेवक मोजतो. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे बहुतेक खेड्यांतल्या, वाचनालयाला २०१२नंतर वर्षाला ३० हजार रुपये अनुदान होतं. पुढे दहा वर्षांनी साठ टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजार झालं. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी. म्हणजे त्या वाढीनंतरही महिन्याला दोन हजार रुपये. रोज दार उघडणारी, झाडलोट करणारी, वर्तमानपत्रं लावणारी, पुस्तक शोधून देणारी व्यक्ती एवढ्या पैशात काम करते, आणि अनुदानाचा हप्ता लांबला तर तेही वेळेवर मिळत नाही. मंडळाचे सदस्य स्वेच्छेनं फुकट काम करतात, त्यांचं घर दुसऱ्या उत्पन्नावर चालतं. सेवकाला ती सोय नसते. स्वयंसेवा करणाऱ्यांच्या संस्थेत पगारी माणसानंही अर्धपोटी राहावं, ही अपेक्षा कुठेतरी मुरली आहे आणि ती चूक आहे, असं मला वाटतं.

२०१२मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरच असलेली वाचनालयं उघडी पडली, हे बरंच झालं. पण त्यानंतर नव्या मान्यता थांबल्या आणि वर्गवाढही थांबली. पुस्तकं वाढली, सभासद वाढले, तरी प्रामाणिकपणे चालणारी संस्था वर्षानुवर्षं खालच्याच वर्गात अडकून पडली. खोट्या संस्थांची शिक्षा खऱ्यांना झाली. त्या वेळी मंडळांचा आवाज जेवढा उठायला हवा होता तेवढा उठला नाही. एकेकटी मंडळं आपापल्या गावात खंबीर असतात. मुंबईत जाऊन एकमुखानं मागताना ती कमी पडतात.

राज्य शासन दरवर्षी डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावानं ग्रंथमित्र पुरस्कार देतं, कार्यकर्त्यालाही आणि सेवकालाही. व्यासपीठावर दोघं शेजारी बसतात. आझाद मैदानावरच्या धरण्यात आणि नागपूरच्या अधिवेशनावर निघालेल्या मोर्चात मात्र बहुतेक वेळा सेवकच असतात. वेतनश्रेणी द्या, व्यंकप्पा पत्की समितीनं सेवकांसाठी केलेल्या शिफारशी लागू करा, या मागण्या त्यांच्याच फलकांवर असतात. कार्यवाहांचं वजन गावात मोठं असतं. आमदार त्यांचे विद्यार्थी असतात, किंवा त्यांच्या व्याख्यानमालेला येऊन गेलेले असतात. त्या वजनाचा उपयोग सभागृहाच्या छपरासाठी, नव्या कपाटांसाठी, संगणकासाठी झाला आहे आणि तो व्हायलाच हवा होता. आता तो सेवकाच्या पगारासाठी आणि १९६७च्या कायद्यात उपकराचं कलम घालण्यासाठी व्हावा. मोर्चाच्या पहिल्या रांगेत अकरा-बारा हजार वाचनालयांचे अध्यक्ष आणि कार्यवाह दिसले, तर ती मागणी कुठल्याही सरकारला पुढच्या अधिवेशनावर ढकलणं अवघड जाईल.