वर्गातल्या टाकीत कोणाशेजारी कोण?

वर्गात काचेची टाकी आली, की मुलांना सगळेच मासे हवे असतात. आम्हीही पहिल्या खेपेला गोल्डफिश, गप्पी आणि एक फायटर एकत्र सोडले. सोमवारी शाळा उघडली तेव्हा गप्पींच्या शेपट्या फाटलेल्या होत्या, दोन मेलेही होते. दोष निवडीचा होता. फायटरचा नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला थारा देत नाही. गप्पीची लांब रंगीत शेपटी पाहून तो तिच्यावरही धावून जातो. गोल्डफिशचे निराळेच. त्याला थंड पाणी मानवते, तो वीतभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो.

६० × ३० × ३० सें.मी.च्या टाकीत काठोकाठ भरले तरी ५४ लिटरच पाणी मावते. त्यात सहा-सात नर गप्पी आणि दोन-तीन गोगलगायी पुरेत. बोअरचे दुष्फेन पाणी दोघांनाही चालते. त्यातले कॅल्शियम शंखाच्याही कामी येते. माद्या घेतल्या तर दर महिन्याला पिल्ले होतात, आणि मग ती ओढ्यात सोडायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा.

सुरुवातीला दोनच गप्पी सोडावेत. माशांच्या उत्सर्गातला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दर दोन-तीन दिवसांनी थोडे पाणी बदलावे.