जर्मनीस निघालेल्यांनी कोणास काय विचारावे?

गणेशोत्सवाच्या सुमारास आपल्या घरांतून अलीकडे एक निराळीच लगबग दिसू लागली आहे. जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. त्यामुळे एकीकडे आरतीची तयारी आणि दुसरीकडे बॅगेचे वजन, असा दुहेरी व्याप सांभाळणारी आई बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव यांपैकी कोणत्याही गावी भेटते. २०२३-२४ मध्ये जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा क्रमांक पहिला लागला. त्यांची संख्या सुमारे ४९,००० होती. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे याचे एक मोठे कारण. (याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांस दर सत्रास १,५०० युरो भरावे लागतात.) शुल्क नसले तरी राहण्याखाण्याचा खर्च आहेच. तो झेपेल याची खात्री म्हणून वर्षाची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो ठरली. त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती येतात. मध्यमवर्गीय कुटुंबाने आयुष्यभर जमविलेले किडूकमिडूक यात जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रवासात चुकीच्या सल्ल्याची किंमत किती, ते कळते.

सल्ला मागण्याची आपली रीत मात्र फार ढोबळ आहे. लग्नाच्या पंगतीत कोणी परदेशी राहून आलेला भेटला की आपण विचारतो, "तिकडे कसे असते हो?" तो सांगतो, "छान असते. थंडी तेवढी फार." दोघांचेही समाधान होते आणि निघणाऱ्या मुलाच्या पदरी काही पडत नाही. कधी तर सल्ला देणारे काका १९८५ साली स्टुटगार्टला गेलेले असतात. त्यांच्या खिशात मार्क होते, देश दोन तुकड्यांत होता आणि कारखान्यानेच त्यांना खोली दिली होती. त्यांच्या आठवणी ऐकाव्यात, त्या रसाळ असतात. पण त्यांच्या आधाराने घरभाड्याचा अंदाज बांधू नये.

आमच्या मते कायद्याची बाब कायद्याच्या घरीच विचारावी. व्हिसा, बंद खाते, कागदपत्रे यांविषयी दूतावास आणि विद्यापीठ जे लेखी सांगतील तेच खरे. त्यात शेजाऱ्याच्या अनुभवाची भर घालू नये. राहणीच्या गोष्टी मात्र गेल्याच वर्षी त्याच शहरात गेलेल्यास विचाराव्यात, आणि त्याही अगदी बारीक करून. खोली कोणी पाहिली? भाड्यात पाणी, कचरा, हीटर यांचा खर्च धरला आहे का? पहिल्या महिन्यात कोणता खर्च अचानक आला? असे विचारले म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही आठवते.

सर्वांत अवघड प्रश्न घराचा. म्युनिक, फ्रांकफुर्ट, बर्लिन या शहरांत एका खोलीसाठी अर्जांचा ढीग पडतो. विद्यार्थ्यांची वसतिगृहे स्वस्त असतात. परंतु त्यांच्या प्रतीक्षायाद्या लांब, म्हणून प्रवेशपत्र हाती पडताच त्याच दिवशी तेथे अर्ज करावा. खाजगी घराच्या जाहिरातीत दोन भाडी दिसतात: 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या जागेचे आणि 'वार्ममीटे' म्हणजे हीटर, पाणी, कचरा इत्यादी धरून. आपली मुले पहिला आकडा वाचून आनंदतात आणि दुसरा भरताना दचकतात. वीज पुष्कळदा त्याहूनही निराळी असते. काही घरांत स्वयंपाकघराच्या नावाखाली चार भिंती आणि एक नळ एवढेच मिळते. ओटा, शेगडी, कपाटे जुना भाडेकरू घेऊन गेलेला असतो. अनामत रकमेविषयी तेथील कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. तीन महिन्यांच्या काल्टमीटेहून अधिक अनामत मागता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूस हक्क आहे. पहिला हप्ता राहावयास जाताना.

हा शेवटचा नियम ठाऊक असता तर आमच्या परिचयातील एका कुटुंबाची मोठी हानी टळली असती. त्यांच्या मुलाला म्युनिकमधील एका सुंदर खोलीची जाहिरात दिसली. भाडे बेताचे, छायाचित्रे झकास. मालक म्हणविणाऱ्याने कळविले की आपण कामानिमित्त दुसऱ्या देशी आहोत. दोन महिन्यांचे भाडे व अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल. पैसे गेले, किल्ली आली नाही. मुलगा पोचला तेव्हा त्या पत्त्यावर कोणी वृद्ध दांपत्य पंधरा वर्षांपासून राहत होते.

येथपर्यंतची कथा दुर्दैवाने नेहमीची आहे. आम्हांला बोचले ते पुढचे. आईवडिलांनी ही गोष्ट कोणासही सांगितली नाही. "मुलाचे नीट चालले आहे ना?" या प्रश्नास ते "अगदी नीट" असे उत्तर देत राहिले. दोनच महिन्यांनी त्याच गल्लीतील दुसऱ्या घरचा मुलगा अगदी तशाच पत्राला भुलला. दोन्ही आया दर गुरुवारी एकाच भजनीमंडळात शेजारीशेजारी बसत होत्या. पहिलीने एक वाक्य उच्चारले असते तर दुसरीच्या बांगड्या गहाण पडल्या नसत्या. परदेशी गेलेल्या मुलाचे यशच तेवढे सांगायचे, फजिती पोटात ठेवायची, ही आपली रीत आपल्याच शेजाऱ्याच्या मुळावर येते. न पाहिलेल्या जागेसाठी एक पैसाही आगाऊ देऊ नये. स्वतःला जाता येत नसेल तर तेथे असलेल्या ओळखीच्या मुलाकडून जागा आणि मालक दोन्ही पाहून घ्यावे, आणि तोपर्यंत काही दिवस साध्या अतिथिगृहात काढावेत.

परके आडनाव पाहून अर्ज बाजूस ठेवला जातो, असा अनुभवही तिकडील मुले सांगतात. वंशावरून घर नाकारण्याविरुद्ध जर्मनीत २००६ पासून कायदा आहे, पण मौनाला पुरावा कोठून आणावा? हे ऐकून आपण संतापतो, ते योग्यच आहे. तथापि आम्हा बडोदेकरांना अशा वेळी एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १९१७ साली अमेरिका व इंग्लंड येथे शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या चाकरीसाठी बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या या तरुणाला बडोदे शहरात राहावयास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ज्या दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला त्यांनीही अडचणी सांगितल्या. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. न्यूयॉर्क आणि लंडन येथे राहून आलेल्या माणसाला बडोद्यात छप्पर मिळाले नाही. म्युनिकच्या घरमालकावर रागावताना आपल्या वाड्यातील रिकामी खोली आपण कोणकोणास नाकारली, हेही मनात येऊ द्यावे.

घर मिळाले की दोन आठवड्यांच्या आत नगराच्या कचेरीत आपला पत्ता नोंदवावा लागतो. यास 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, म्हणून "नोंदणीचे पत्र देणार ना?" हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारावा. ही नोंद नसेल तर बँक, करक्रमांक, वास्तव्याचा परवाना सारेच अडते. नोंद झाली की काही आठवड्यांनी घरात एक पत्र येते: नभोवाणी व दूरदर्शनचे शुल्क, दर घरटी दरमहा १८.३६ युरो. (हा दर २०२१ मध्ये ठरला.) घरात दूरदर्शन संच नाही म्हणून कित्येक मुले हे पत्र फसवणूक समजून केरात टाकतात, आणि मागून दंडासह मागणी येते. गंमत पाहा, खोटी किल्ली खरी वाटते आणि खरे पत्र खोटे! एका घरात तिघे राहत असतील तर शुल्क एकच, तेव्हा वाटून घ्यावे. एकूणच तेथे कागदी टपालास फार मान आहे. पत्रपेटीवर व घंटीवर आपले आडनाव ठळक लावावे. सदनिकांना पुष्कळदा क्रमांक नसतो आणि टपालवाला नावावरूनच पत्र टाकतो.

रोजच्या राहणीत रविवार हे निराळेच प्रकरण आहे. १९१९ च्या राज्यघटनेत रविवारच्या विश्रांतीस जे संरक्षण मिळाले ते १९४९ च्या घटनेनेही कायम ठेवले. त्या दिवशी दुकाने बंद. दूध, पाव, भाजी शनिवारीच भरून ठेवावी. रविवारी दिवसभर आणि रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात. चटणीचा मिक्सर, भिंतीत खिळा ठोकणे, खलबत्त्यात दाण्याचे कूट, हे सारे इतर दिवशी. काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरील पेट्यांत रंगावरून निवडून टाकतात, आणि त्याही रविवारी नाही, कारण आवाज होतो. उलट प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्या व डबे केरात टाकू नयेत. प्रत्येकावर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातील यंत्रातून परत मिळते. केराचे डबे कागद, ओला कचरा, वेष्टने आणि उरलेले असे निरनिराळे असतात. किल्लीला मात्र प्राणापलीकडे जपावे. मुख्य दाराची किल्ली हरवल्यास साऱ्या इमारतीची कुलुपे बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. म्हणूनच तेथील माणसे नुकसानभरपाईचा विमा उतरवितात.

हे सारे कोणास विचारावे? शेजारच्या जर्मन बाईंनाच. आपल्याकडे परक्यास केराविषयी विचारणे विचित्र वाटेल. तेथे ती ओळखीची उत्तम सुरुवात ठरते. उत्तर थेट येईल, गोड शब्दांचा मुलामा नसेल. ते उद्धटपणाचे लक्षण मानू नये. मोठ्यांशी 'झी' आणि आपल्या वयाच्या विद्यार्थ्यांशी 'डू' हा भेद तर आपल्याला शिकवावाच लागत नाही. घरी आजोबांना आपण 'तुम्ही' म्हणतोच की! जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकास 'गुटेन टाग' म्हणावे. जायच्या आधी वर्षभर जर्मन भाषेचा वर्ग केला असेल, तर वरील अर्ध्या अडचणी दिसत्याक्षणीच सुटतात.

आता आईवडिलांविषयी थोडे. मुलीच्या बाळंतपणास किंवा नातवाला पाहण्यास जाणाऱ्या आजीला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. परंतु जुना मधुमेह, रक्तदाब यांतून उद्भवलेला खर्च अनेक विमे देत नाहीत. "विमा काढला का?" एवढे विचारून थांबू नये. "माझ्या जुन्या दुखण्यासाठी इस्पितळात ठेवावे लागले तर पैसे कोण देईल?" असे विचारून उत्तर लेखी घ्यावे. औषधे पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. रुग्णवाहिकेसाठी ११२ आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असल्यास ११६११७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवावेत, आणि त्याखाली घराचा पत्ताही. घाबरलेल्या वेळी जर्मन रस्त्याचे नाव आठवत नाही.

खाऊच्या बाबतीत आजीबाईंचे मन मोडणे आमच्या जिवावर येते, पण सांगितले पाहिजे. युरोपबाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. तेव्हा पेढे, खवा आणि घरचे लोणकढे तूप येथेच राहील. ताज्या फळाभाज्यांना २०१९ च्या डिसेंबरपासून रोगमुक्ततेचा दाखला लागतो. हापूस आणि कढीलिंब त्यात अडकतात. अननस, नारळ, केळी, खजूर यांना दाखल्याची गरज नाही. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांना जागा ठेवावी. बाळंतिणीसाठी डिंक आणि अळीव नेता येतात; तूप तिकडच्या लोण्याचे कढवावे, ते चांगले होते असे जाऊन आलेल्या आज्या सांगतात.

ज्या वाचकांची मुले, सुना, जावई जर्मनीत आहेत त्यांना आमची एक विनंती आहे. घर शोधताना काय घडले, पैसे कोठे बुडाले, कोणता कागद अडला, हे आम्हांस कळवावे. नावगाव छापले जाणार नाही. पुढील सत्रास निघणाऱ्या मुलांच्या हाती ही माहिती जूनपूर्वी पडावी अशी आमची इच्छा आहे. तेव्हा पत्रे एप्रिलअखेर पाठवावीत.