बॉझली क्राउदर यांचे कोमट शेरे

ऑगस्ट १९६७ मध्ये माँट्रिअलच्या महोत्सवात ‘बॉनी अँड क्लाइड’ पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे चित्रपटसमीक्षक बॉझली क्राउदर प्रेक्षकांत होते. चित्रपट त्यांना इतका झोंबला की काही आठवड्यांतच त्यांनी त्याच्यावर तीनदा लिहिलं. दरोडे आणि खून यांचा थिल्लर तमाशा मांडला आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. ‘न्यूजवीक’च्या जो मॉर्गनस्टर्न यांनीही आधी नाक मुरडलं, पण पुढच्याच आठवड्यात आपलं मत जाहीरपणे बदललं. ऑक्टोबरात पॉलिन केल यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये दीर्घ लेख लिहून चित्रपटाची पाठराखण केली. क्राउदर आपल्या म्हणण्यापासून हटले नाहीत. १९६८ च्या सुरुवातीला त्यांच्या जागी रेनाटा ॲडलर आल्या आणि १९४० पासून ते सांभाळत असलेलं पद गेलं.

आज क्राउदर यांचं नाव निघतं ते बहुतेक या एकाच प्रकरणामुळे. त्यांच्यावर हा अन्याय आहे. एखाद्याचा संताप त्याच्या स्वभावाबद्दल सांगतो, सिनेमाबद्दल फारसं सांगत नाही. क्राउदर यांच्याकडून शिकायचं असेल तर त्यांची कोमट परीक्षणं वाचावीत. पुढे अभिजात ठरलेल्या चित्रपटांना त्यांनी ‘ठीक आहे, पण…’ असं म्हणून वाटेला लावलं, ती परीक्षणं.

त्या शेऱ्यांचं वजन मोठं होतं. परदेशी चित्रपट न्यूयॉर्कमध्ये आधी एखाद्या छोट्या चित्रगृहात लागायचा. वितरकाच्या हातात जाहिरातीला पैसा नसायचा. ‘टाइम्स’मध्ये काय छापून येतं यावर बरंच काही अवलंबून असे. क्राउदर यांनी ही ताकद अनेकदा चांगल्या कामी लावली. ‘रोम, ओपन सिटी’ आणि ‘बायसिकल थीव्ज’ यांसारखे इटालियन चित्रपट अमेरिकेत रुजले, त्यात त्यांचा वाटा आहे. रोझेलिनींच्या ‘द मिरॅकल’ या लघुपटावर धर्मनिंदेचा ठपका आला आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याचा परवाना काढून घेतला, तेव्हा ते उघडपणे चित्रपटाच्या बाजूने उभे राहिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५२ मध्ये अमेरिकेत सिनेमाला प्रथमच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मिळालं. तेव्हा हा माणूस संकुचित होता, असं म्हणण्याची सोय नाही. म्हणूनच त्याचा हात जिथे आखडतो, तिथे थांबून पाहावंसं वाटतं.

अकिरा कुरोसावांचा ‘इकिरू’ घ्या. १९५२ चा हा चित्रपट न्यूयॉर्कला पोचला १९६० मध्ये. वातानाबे हा नगरपालिकेतला म्हातारा विभागप्रमुख. वर्षानुवर्षं कागदांवर शिक्के मारत बसलेला. आपल्याला पोटाचा कर्करोग आहे हे कळल्यावर तो उरलेले महिने एका गलिच्छ डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग उभी करण्यात घालवतो. मात्र बाग होताना कुरोसावा आपल्याला दाखवतच नाहीत. म्हातारा कामाला लागतो न लागतो तोच निवेदक सांगतो, पाच महिन्यांनी तो वारला. पुढचा सुमारे तिसरा हिस्सा चित्रपट त्याच्या घरी, शोकाला जमलेल्या सहकाऱ्यांमध्ये घडतो. उपमहापौर बागेचं श्रेय स्वतःकडे ओढून घेतो. तेवढ्यात वस्तीतल्या बायका येतात, तसबिरीपुढे उदबत्ती लावतात आणि हुंदके देत निघून जातात. खोलीत कुणालाच वर बघवत नाही. उपमहापौर काढता पाय घेतो. मग साकेचे पेले रिचवत एकेक जण आठवणी काढू लागतो, आणि ‘आपणही आता असंच काम करायचं’ अशा शपथा होतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा तेच कागद, तीच टोलवाटोलवी.

क्राउदर यांना चित्रपट आवडला, पण म्हातारा मरेपर्यंतच. त्यापुढचा भाग त्यांना विस्कळीत पुरवणीसारखा वाटला. कंटाळवाण्या शोकसभेत जुन्या आठवणी ओबडधोबडपणे घुसडल्या आहेत, असं त्यांनी लिहिलं. यात त्यांच्या नजरेची चूक काढता येत नाही. चित्रपट दुभंगतो, पुढची गोष्ट तुकड्यांनी येते, शोकसभा लांबते, हे सगळं खरंच आहे. पण तो म्हातारा गेल्यावर त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांतून तो कसा उभा राहतो आणि बोलणारे कसे उघडे पडतात, हीच तर ‘इकिरू’ची जात आहे. बाग बांधण्याची सरळ गोष्ट सांगितली असती, तर एका भल्या माणसाची बोधकथा हाती आली असती. क्राउदर यांनी बोट अचूक जागी ठेवलं आणि तिथे दोष लिहिला.

हे त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होतं. अंतोनिओनींचा ‘लाव्हेंतुरा’ १९६१ मध्ये न्यूयॉर्कला आला. त्यात समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर आना नावाची तरुणी नाहीशी होते. शोध सुरू होतो, आणि शोधणारे हळूहळू तिला विसरत जातात. ती कुठे गेली याचं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. काही रिळं हरवलेला चित्रपट पाहतो आहोत असं वाटतं, अशा अर्थाचं क्राउदर यांनी लिहिलं. विरोधकालाही याहून नेमकं वर्णन सुचणार नाही. जे गाळलं आहे त्याच्यावरच चित्रपट उभा आहे. १९६० मध्ये कान महोत्सवात त्याची हुर्यो झाली होती. १९६२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा तो ‘सिटिझन केन’च्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर आला.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला त्यांनी उंटांचा गडगडाटी देखावा म्हणून बाजूला सारलं. कुरोसावांच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मधला जपानी मॅकबेथ त्यांना गमतीशीर वाटला. हे दुसरं परीक्षण मात्र वाचवत नाही. तिथे त्यांनी पाहण्याचे कष्टच घेतलेले नाहीत.

‘सायको’ची गोष्ट वेगळी. जून १९६० मध्ये त्यांनी हिचकॉकच्या या चित्रपटाला थंड प्रतिसाद दिला, सूक्ष्मपणा नाही, गती संथ आहे असं म्हटलं. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या दहा उत्तम चित्रपटांच्या यादीत त्यांनी ‘सायको’ घातला. छापून आलेलं मत सहा महिन्यांत फिरवायला धैर्य लागतं, आणि क्राउदर यांच्याकडे ते होतं.

सप्टेंबर १९५८ मध्ये सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू प्लेहाउसमध्ये लागला. क्राउदर यांचं मत पडलं की इतकी सैल बांधणी आणि इतकी मंद गती असलेला चित्रपट हॉलिवूडचे संकलक कच्चं संकलन म्हणूनही जेमतेम चालवून घेतील. संवाद भरधाव सोडलेल्या ग्रामोफोनसारखे वाटतात, अशीही तक्रार होती. सैलपणाचं निरीक्षण अगदीच निराधार नव्हतं. १९५५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये खेळ ठरला होता. तो गाठण्यासाठी राय आणि संकलक दुलाल दत्त यांनी शेवटचे दिवस रात्रंदिवस काम करून काढले होते. रविशंकर यांनी संगीत एका रात्रीच्या बैठकीत उरकलं होतं.

पण या चित्रपटाची मंद गती घाईतून आलेली नाही. मिठाईवाला दारावरून जातो, पैसे नाहीत, तरी दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू त्याच्या मागे निघतात, त्यांच्या मागे कुत्रा. ही वरात तळ्याच्या पाण्यात उलटी उमटते. कथानक या प्रसंगाने तसूभरही पुढे सरकत नाही. पण अशी चालणारी, पावसात भिजणारी दुर्गा आपल्या अंगवळणी पडली नसती, तर तिच्या मृत्यूनंतर परतलेला बाप हरिहर तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो, तेव्हा काळजात काही हललं नसतं. आई सर्वजया साडी दातांत धरून कोसळते. तिचा आक्रोश ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर हा चित्रपट प्रसंगागणिक उलगडून शिकवत, आणि पुढे श्यामला वनारसे यांच्यासह त्यांनी अपूच्या तिन्ही चित्रपटांचा बारकाईने अभ्यास मांडला. गती मंद का, याचं उत्तर असं एकेक शॉट थांबवून पाहिल्यावर मिळतं.

क्राउदर यांनाही ते अर्धंमुर्धं जाणवलं होतं. त्याच परीक्षणात पुढे ते कबूल करतात की तुकडे जुळत जातात तशी त्या घराची व्यथा मनात उतरते. त्यांच्या शेऱ्याने चित्रपट पडला नाही. एडवर्ड हॅरिसन यांनी वितरित केलेला हा चित्रपट त्या एकाच चित्रगृहात सुमारे आठ महिने चालला. तो तिथे चालू असतानाच, १९५९ च्या सुरुवातीला, अपूच्या गोष्टीचा पुढचा भाग ‘अपराजितो’ न्यूयॉर्कला आला. त्याचं परीक्षण करताना क्राउदर यांनी राय यांच्या प्रतिमांची आणि माणसांच्या समजुतीची मनापासून तारीफ केली. शांतपणे, सोशीकपणे बसणाऱ्या प्रेक्षकाला हा चित्रपट जणू संमोहित करतो, असं या वेळी त्यांनी लिहिलं.